‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे’ : गिरणगावातल्या एका सोंगाड्याच्या चरित्रनोंदीचं प्रकरण

लालबाग-परळ भागात काम केलेल्या दिवंगत कलावंतांची माहिती गोळा करून ती पुस्तकरूपाने छापायची, असं आमच्या छोट्या गटाने ठरवलं होतं. शाहीर, सोंगाडे, भजनीबुवा, ढोलकीवाले, कामगार नाटकांतले नट. प्रत्येकाला साधारण दोन पानं. संपादनाचं काम माझ्याकडे होतं. बहुतेक नोंदी सरळ लिहून झाल्या, एक मात्र बरेच महिने अडून राहिली. कलावंताचं घर कोणतं आणि त्याच्या घरच्यांबद्दल किती लिहायचं, हा प्रश्न त्या एका नोंदीत चहूबाजूंनी समोर आला. म्हणून ते प्रकरण सविस्तर मांडते आहे. नावं, गाव, गिरणी आणि काही सालं बदलली किंवा गाळली आहेत. दोन्ही घरांना हे लेखन वाचून दाखवलं आहे.

पार्श्वभूमी

मास्तर (त्यांना आपण असंच म्हणू) सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या गावातून स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईला आले. त्या पट्ट्यातल्या इतर पोरांसारखेच तेही आधी गावाच्या खोलीत उतरले. एका गाळ्यात वीस-पंचवीस माणसं, झोपणं पाळीप्रमाणे, जेवण खानावळीत, सामान म्हणजे भिंतीशी लावलेली एक ट्रंक. गिरणीत आधी बदली, मग कायम. लग्न गावीच झालेलं. बायको शेतावर, सासू-सासऱ्यांपाशी. मास्तर गणपतीला, शिमग्याला आणि सुगीच्या दिवसांत गावी जायचे. दोन मुलगे झाले, ते तिकडेच वाढले.

गणेशोत्सवातल्या मेळ्यांतून मास्तरांचं तोंड उघडलं. पुढे लोकनाट्याचं पथक उभं राहिलं. त्या काळी गिरणगावात कलेला जागा होत्या. परळचा दामोदर हॉल १९२२ पासून कामगारांच्या नाटकांचं घर होता. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागायचे. चाळीच्या पटांगणात, गिरणीच्या दारासमोर, पूजेच्या मांडवात कार्यक्रम व्हायचे. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री साडेबारा-एकला सुरू झालेला वग, म्हणजे तमाशातलं कथानाट्य, पहाटेपर्यंत चाले आणि मास्तर तिथूनच सकाळच्या पाळीला जात. आकाशवाणी मुंबईच्या कामगारांसाठीच्या कार्यक्रमातही त्यांचा आवाज गेला.

मास्तरांचं नाव झालं ते बतावणीमुळे. तमाशाचा क्रम ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको : गण, गौळण, बतावणी, रंगबाजी, मग वग. बतावणीत एकाने विचारायचं, दुसऱ्याने उडवून लावायचं. ती एकट्याने होतच नाही. मास्तरांच्या समोर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून उभी राहायची ती एक बाई. फडातच जन्मलेली, आई आणि मावशी दोघी बोर्डावरच्या. गळा तयार होता आणि हजरजबाबीपणा असा, की समोरचा सोंगाडा अडखळला तर त्याचं वाक्य सावरून त्याच्याच अंगावर टाकायची. पथकात आल्यावर वर्षा-दोन वर्षांत दोघांनी लालबागच्या एका चाळीत खोली घेतली. मुलगी झाली. एका देवळात गळ्यात मंगळसूत्र घातलं होतं, असं ती मुलगी सांगते. त्याचा कागद नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मास्तरांनी संपाच्या सभांमध्ये कार्यक्रम केले, बिदागी न घेता. ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. सुपाऱ्याही आटत गेल्या, कारण सुपारी देणारा कामगारच गावी परतला होता. शेवटची वर्षं बाईंनी घरी शिवणकाम करून आणि पोरींना लावणी शिकवून घर चालवलं. मास्तर १९९४ साली त्याच खोलीत वारले. अंत्यसंस्कार मुंबईत झाले, दहावं-तेरावं गावी. एका दैनिकात चार ओळींची बातमी आली : ‘अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ बाई त्यानंतर पंधरा वर्षांनी गेल्या. त्यांच्या निधनाची बातमी कुठेही आलेली नाही.

अडचण कुठे होती

आमच्या माहितीच्या अर्जात ‘परिवार’ असा रकाना होता. नोंदीचा पहिला मसुदा करणाऱ्या सहकाऱ्याने तो त्या बातमीवरून भरला. बातमी छापील होती, तारखेसह होती. त्यावर शंका घ्यावी असं त्यात काही दिसत नव्हतं.

आवाजाचा नमुना हवा म्हणून आम्ही मास्तरांची कॅसेट शोधत होतो. ती मिळाली बाईंच्या लेकीकडे. आता त्या साठीच्या घरात आहेत, कळव्याला राहतात. कॅसेटच्या वेष्टणावर मास्तरांचं नाव ठळक होतं आणि खाली ‘आणि पार्टी’. आत पहिल्या बाजूला अठरा-वीस मिनिटांची बतावणी आहे आणि तिच्यातली निम्मी वाक्यं बाईंची आहेत. वेष्टणावर त्यांचं नाव कुठेच नाही.

लेकीने मसुदा वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, “ताई, बापाच्या नावासाठी मी आलेली नाही. ते माझ्या शाळेच्या दाखल्यावर आहे. पण बतावणी दोघांची होती, तुम्ही ती एकट्याची कशी काय छापता?”

दुसऱ्या बाजूला मास्तरांचा धाकटा मुलगा. बदलापूरला राहतो. त्याने वडिलांचा फोटो आणि गावाकडची सगळी माहिती मनापासून दिली होती. बाईंचं नाव काढताच त्याचा आवाज बदलला. आईचा अपमान होईल, हे एक कारण होतं. दुसरं कारण त्याने फोनवर नाही, प्रत्यक्ष भेटीत सांगितलं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी त्याने वडिलांच्या नावाने अर्ज केला आहे. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर पटावर असलेल्या कामगाराला, तो हयात नसेल तर त्याच्या वारसाला, ही योजना लागू होते. “मॅडम, तुम्ही दोन पानं छापून मोकळ्या व्हाल. इकडे वारसाचं लफडं निघालं, फाईल अडकली, तर निस्तरायला कोण येणार?”

मला त्याची ही भीती खोटी वाटली नाही. जो माणूस वर्षानुवर्षं एका घरासाठी कागद घेऊन फिरतो आहे, त्याला छापील ओळीचं वजन आपल्यापेक्षा जास्त कळतं.

कागद काय सांगत होते

भांडणात पडण्याआधी कागद बघावेत, असं ठरलं. गावाकडे काकूंच्या, म्हणजे मास्तरांच्या पत्नीच्या नावाने कलावंत मानधनाचं पासबुक आहे. राज्य सरकारचं वृद्ध साहित्यिक-कलावंतांचं मानधन मास्तरांना शेवटी शेवटी सुरू झालं होतं. कलावंत गेल्यावर ते पती किंवा पत्नीला मिळतं, त्यामुळे काकूंना ते आजही मिळतं. म्हणजे सरकारदरबारी पत्नी कोण, याबद्दल वाद नाही.

लेकीकडे जुनं रेशनकार्ड आहे, लालबागच्या खोलीच्या पत्त्याचं. कडा झिजलेल्या, घडीवर आतून कापडी पट्टी चिकटवलेली. कुटुंबप्रमुख मास्तर, दुसऱ्या ओळीत बाई, नात्याच्या रकान्यात ‘पत्नी’, तिसऱ्या ओळीत लेक. त्याच्यासोबत स्मशानातली पावती आहे.

दोन्ही कागद सरकारी, दोन्ही खरे, आणि दोन्ही एकाच माणसाबद्दलचे.

तिसरी वस्तू माझ्या मते सगळ्यांत मोलाची. दोनशे पानी वही, पुठ्ठ्याचं वेष्टण, आत बतावण्या. मूळ मजकूर निळ्या शाईत मास्तरांच्या हातचा. त्यावर पेन्सिलीने ठिकठिकाणी खाडाखोड, नवी उत्तरं, कुठे ‘इथे थांबायचं’, कुठे ‘ढोलकी’. हे अक्षर शाळकरी मुलीचं आहे. बाईंना लिहिता येत नव्हतं. त्या स्वयंपाक करता करता सांगायच्या आणि लेक लिहायची. एका पानावर सासरा-सून असा संवाद आहे. शाईतलं सुनेचं उत्तर सपक आहे. पेन्सिलीतलं उत्तर तेच, जे कॅसेटवर ऐकू येतं आणि ज्यावर मागे हशा पिकतो. ते पान बघितल्यावर, बाई फक्त सोबतीला उभ्या होत्या, असं म्हणणं मला शक्य राहिलं नाही.

मास्तरांच्या जन्माचं साल गिरणीच्या कागदात एक आणि गावच्या शाळेत दुसरं होतं. दोन्ही नोंदवून आम्ही पुढे गेलो. गिरणगावात हे नेहमीचंच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांत सोपा होता. बातमीत होतं तसंच छापायचं, लेकीची क्षमा मागायची आणि कॅसेट परत करायची. गटातल्या दोघांचं हेच मत होतं. आपण चरित्र लिहितो आहोत, कुटुंब न्यायालय चालवत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण एकदा छापलं की पुढचा प्रत्येक लेखक त्यावरून उचलणार. १९९४च्या बातमीतली गाळलेली जागा आमच्या पुस्तकातून कायमची होणार होती.

दुसरा पर्याय याच्या अगदी उलट : सगळं लिहायचं. दोन संसार, देवळातलं मंगळसूत्र, तेराव्याला बाईंना गावी येऊ न देणं, सगळंच. या बाजूचा सहकारी मोठ्या कलावंतांचे दाखले देत होता आणि ते दाखले बळकट होते. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची मुलं हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने आणि सरस्वती राणे. ताराबाई वेगळ्या झाल्यावर मुलांची नावं बदलली, हे आज संगीताच्या कुठल्याही इतिहासात असतं आणि त्याने कुणाची उंची कमी होत नाही. मास्टर दीनानाथांच्या आई येसूबाई मंगेशीच्या देवळाशी बांधलेल्या गायिका होत्या, हेही लपलेलं नाही. शाहीर अमर शेख मूळचे बार्शीकडचे मेहबूब पटेल. लावणी-वगांचे शाहीर पठ्ठे बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी, आणि त्यांच्या फडात नाचणाऱ्या हिवरगावच्या पवळेशिवाय त्यांची गोष्ट पुरी होतच नाही. अभिनेत्री हंसा वाडकरांनी तर आपल्या घराची आणि संसाराची हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवली.

माझं म्हणणं असं होतं की या दाखल्यांत एक फरक आहे. हंसाबाईंनी स्वतः सांगितलं. खाँसाहेबांच्या मुलांबद्दल लिहिलं गेलं तेव्हा त्यांच्या पाठीशी त्यांचं मोठं काम उभं होतं. आमच्या प्रकरणातल्या बाई काही न सांगता गेल्या. त्यांची नात लग्नाची आहे. लेकीने आईचं नाव आणि काम लिहायला सांगितलं, पण एक गोष्ट स्पष्टपणे नको म्हणाली : आईची जात. “मला लाज नाही, ताई. पण उद्या स्थळवाले वाचतील. मला नाही, पोरीला ऐकावं लागेल.” यावर आमच्यात मोठा वाद झाला. तमाशा ज्या जातींनी घडवला, जगवला आणि त्याची बदनामीही ज्यांनी सोसली, त्यांचा उल्लेख गाळत गेलो तर कलेचा इतिहासच खोटा होतो. हे मला मान्य आहे. पण त्या इतिहासाची किंमत एका लग्नाच्या मुलीने भरावी, असं ठरवण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला? प्रस्तावनेत तमाशातल्या समाजांबद्दल सविस्तर लिहायचं आणि व्यक्तीच्या नोंदीत घरच्यांचा शब्द पाळायचा, असं ठरलं. या निर्णयाबद्दल आजही गटात एकमत नाही.

तिसरा पर्याय कुटुंबाचा उल्लेखच वगळण्याचा, तोही सगळ्याच नोंदींतून. वरवर हा न्याय्य दिसतो. मी काही काळ याच बाजूला होते. पण गावची भेट झाल्यावर तो पर्याय माझ्यापुरता संपला. त्याबद्दल पुढे.

कायद्याची बाजू एका वकील मित्राकडून समजून घेतली. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने पहिली पत्नी हयात असताना केलेलं लग्न रद्दबातल ठरतं, पण त्याच कायद्याचं कलम १६ अशा लग्नातल्या अपत्याला औरस मानतं. आई-वडिलांच्या मालमत्तेत अशा अपत्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३च्या निकालातही मान्य केला आहे. म्हणजे धाकट्या मुलाची भीती आमच्या दोन पानांवर अवलंबून नव्हती. लेकीला हक्क सांगायचा असता तर तिच्याकडे आमच्या पुस्तकापेक्षा चांगले कागद होते. मृत व्यक्तीच्या खासगीपणाचा हक्क वारसाने पुढे जात नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली एका दिवंगत अभिनेत्याच्या वडिलांच्या दाव्यात म्हटलं आहे. मात्र मृताची बदनामी कुटुंबाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली तर तो गुन्हा ठरू शकतो. हे जुन्या दंडसंहितेत होतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही आहे. थोडक्यात, छापण्याला कायद्याची आडकाठी नव्हती. प्रश्न आमच्या विवेकाचा होता.

आम्ही काय केलं

आधी छपाई पुढे ढकलली. मग मी गावी गेले, काकूंना भेटायला. तोवर त्यांच्या वतीने मुलगेच बोलत होते. त्यांचा अपमान होईल, त्यांना त्रास होईल, हे सगळं त्यांना न विचारता चाललं होतं.

काकू नव्वदीच्या पुढे आहेत. ऐकू कमी येतं, पण बोलणं ठणठणीत. थोरला मुलगा शेती बघतो, तो जवळ बसला होता. मी विषय कसा काढावा या विचारात असताना काकूंनीच काढला. बाई त्यांना पहिल्यापासून माहीत होती. एकदा मास्तरांसोबत गावच्या जत्रेला आलीही होती, बोर्डावर. “माझं नाव आधी घाला. मग तिचं घाला. मला काय बी न्हाई त्याचं.” थोडं थांबून त्या पुढे म्हणाल्या, “पर म्या काय केलं त्ये बी लिव्हा. म्या रान केलं म्हून त्यो नाचला. संपात दोन वर्सं हितनं तांदूळ, नाचणी गेली ममईला. तिच्या पोरीनं बी त्योच भात खाल्ला.”

या वाक्यांनी माझ्यापुरता प्रश्नच बदलला. तोवर आम्ही नाती मोजत होतो : कायदेशीर पत्नी कोण, वारस कोण, कुणाला कितवं स्थान. काकू विचारत होत्या ते वेगळंच होतं. या माणसाची कला कुणाच्या कष्टावर उभी राहिली? त्या कष्टाची नोंद कुठे आहे? गिरणगावच्या कलावंतांच्या चरित्रांत गावच्या बायकोचं नाव येतं, पण तेवढंच. शेत तिने केलं, म्हातारी माणसं तिने सांभाळली, मुलं तिने वाढवली, म्हणून पगारातला पैसा तबला-ढोलकीला आणि पथकाला पुरला, हे कुणी लिहीत नाही. आणि बोर्डावरची बाई ‘आणि पार्टी’मध्ये जाते. कुटुंबाचा उल्लेखच काढून टाकला असता तर दोघी एकदमच पुसल्या गेल्या असत्या. तिसरा पर्याय मला तिथेच नकोसा झाला.

परत आल्यावर नोंद नव्याने लिहिली. ‘परिवार’ हा रकाना रद्द केला. पत्नीबद्दल स्वतंत्र परिच्छेद, त्यांच्या नावासह : कोणतं शेत, किती वर्षं, संपात धान्य कसं पाठवलं. त्यानंतर बाईंबद्दल, कलावंत म्हणून : पथकात कधी आल्या, कोणते वग, बतावणीतला वाटा, वहीतल्या पेन्सिलीच्या दुरुस्त्या. नात्याबद्दल एकच वाक्य ठेवलं : ‘लालबागच्या खोलीत मास्तर आणि बाई यांचा तीस वर्षांहून अधिक काळ एकत्र संसार होता, त्यांना एक मुलगी आहे.’ रेशनकार्ड सांगतं आणि शेजारी सांगतात, तेवढंच. ‘लग्न’ शब्द नाही, ‘दुसरी पत्नी’ही नाही. देवळातल्या मंगळसूत्राची गोष्ट लेकीच्या मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणात आहे, ती तिच्याच परवानगीने पुढे कधी खुली करता येईल. तेराव्याची हकिकत एकाच बाजूने ऐकलेली होती, ती घेतली नाही.

मृत्यूचं कारणही घेतलं नाही. ‘अल्पसा आजार’ हे खरं नव्हतं, दोन्ही घरांना ते ठाऊक होतं. पण इथे दोन्ही घरं प्रथमच एका बाजूला होती. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातही मृत्यूच्या नोंदीचा उतारा कुणालाही मिळतो, पण त्यात कारण उघड करायचं नाही असं कलम १७ मध्ये लिहिलेलं आहे. कायदा जे झाकतो ते आम्ही उघडावं असं काही कारण नव्हतं. फक्त ‘अल्पसा आजार’ लिहिण्याऐवजी ‘निधन’ एवढंच लिहिलं.

दुसरा निर्णय मोठा होता. बाईंची स्वतंत्र नोंद केली, त्यांच्या नावाने, दोन पानांची, इतरांइतकीच. मास्तरांच्या नोंदीत त्यांना किती जागा द्यायची, यावर चाललेली ओढाताण त्याने बरीच सैल झाली. आधी वाटलं होतं की दोन पानं भरण्याइतकं मिळणार नाही. पण त्यांच्याकडे शिकलेल्या तिघी सापडल्या, एक जुना ढोलकीवाला सापडला, आणि शेवटी जागा अपुरी पडली.

दोन्ही मसुदे दोन्ही घरांना दिले. वाचून सुचवा, असं सांगितलं. चूक दाखवली तर दुरुस्त करू, पण कुणाचं नाव काढा असं कुणी म्हटलं तर तेवढ्यावरून काढणार नाही, हेही आधीच सांगून ठेवलं.

पुढे काय झालं

थोरल्या मुलाने मसुदा काकूंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली : शेताचं नाव चुकलं होतं.

धाकट्याने फोटो परत मागितला. आम्ही परत केला. त्यामुळे नोंदीत मास्तरांचा जो फोटो आहे तो लेकीकडचा आहे, कार्यक्रमातला, आणि त्यात बाईही आहेत. धाकट्याला ते आणखी लागलं असणार. आम्ही त्याला सुचवलं होतं की घराच्या अर्जाचं काम पुरं होईपर्यंत हवं तर नोंद थांबवू. तो म्हणाला, त्याला अंत नाही. त्याचं हे म्हणणं खरंच होतं. लेकीने आपण होऊन त्याला कळवलं की मला घरात वाटा नको. तसं लिहून द्यायला मात्र तिने नकार दिला, आणि तिने नकार दिला ते बरंच केलं असं मला वाटतं. हक्क न बजावणं तिच्या मनाचा भाग आहे, तो कागदावर सोडून देणं वेगळं. धाकट्याच्या फाईलवर आमच्या पुस्तकाचा काही परिणाम झालेला नाही.

लेकही पूर्ण समाधानी नाही. ‘एकत्र संसार’ तिला अपुरं वाटतं. शेजारची बाई ज्या मंगळसूत्राला हात लावून शपथ घ्यायची, ते लेकीच्या कपाटात आहे आणि आमच्या वाक्यात नाही. मी तिला समजावलं, तिने ऐकून घेतलं. तिला पटलं, असं मी म्हणणार नाही.

प्रकाशनाला लेक आली, थोरला मुलगा आला. दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलली, बहुतेक शेतीबद्दल आणि काकूंच्या कानांबद्दल. एका जुन्या कामगार प्रेक्षकाने उठून बतावणीतली दोन वाक्यं म्हणून दाखवली, एक मास्तरांचं, एक बाईंचं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत आधी, पहिल्या भेटीतला प्रश्न. ‘पश्चात कोण कोण?’ हा प्रश्न बातमीदाराचा आहे आणि त्याला घरच्यांकडून ठरलेलं उत्तर मिळतं. कार्यक्रम करून आल्यावर जेवायला कोण वाढायचं, कपडे कोण शिवायचं, पैसे नसले की कुणाकडून यायचे, सोंगाड्यासमोर कोण उभं राहायचं, असे प्रश्न विचारले तर माणसं मोकळेपणाने बोलतात आणि बतावणीतली बाई पहिल्या दिवशीच सापडते. पुढच्या खंडासाठी आम्ही अर्जच तसा केला आहे.

दुसरं, बायकांशी थेट आणि वेगळं बोलणं. काकूंचं मत विचारण्याआधी त्यांच्या नावाने बराच वाद झाला. गाव लांब, त्यांचं वय झालेलं, मुलगे मध्ये. या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत, पण एसटीने एक दिवसाचा रस्ता आहे. काकूंना पहिल्याच महिन्यात भेटता आलं असतं, तर धाकट्या मुलाशी बोलायला अधिक चांगली वाट मिळाली असती. त्याचं मन आम्ही राखू शकलो असतो का, सांगता येत नाही. तरी ‘तुझ्या आईला विचारून आलो’ असं म्हणायची सोय होती.

तिसरं, मसुदे पोचवण्याचा क्रम. लेकीने पहिला मसुदा कॅसेट देताना सहज वाचला आणि धाकट्याला ते नंतर कळलं. एका घराला आधी कळणं म्हणजे दुसऱ्या घराविरुद्ध काहीतरी चाललं आहे, असाच त्याचा अर्थ निघतो. आता वादाची शक्यता दिसली की मसुदा सगळ्यांना एकाच दिवशी जातो, आणि घरच्यांनी दिलेला फोटो किंवा वस्तू कशाकशासाठी वापरली जाईल याची लेखी बोलणी आधीच होतात.

जातीच्या उल्लेखाबद्दल मात्र मला अजून ठाम पद्धत सापडलेली नाही. प्रत्येक घराला विचारायचं, असं सध्या चाललं आहे. त्यातून असं होतं की एका नोंदीत समाज स्पष्ट लिहिलेला असतो आणि शेजारच्या नोंदीत नसतो, आणि नसलेल्या ठिकाणी वाचणारा नेमका तोच अंदाज बांधतो. पुढच्या खंडाआधी तमाशातल्या कलावंतांच्या घरच्यांना एकत्र बसवून त्यांच्याकडूनच नियम करून घ्यावा, असा विचार आहे.

वहीचं काम सुरू आहे. बतावण्या छापायच्या तर लेखनाच्या हक्काचा प्रश्न येतो. दोघांनी मिळून केलेल्या कृतीचं संरक्षण, त्यांतला नंतर गेलेला लेखक वारल्यावर साठ वर्षं राहतं, म्हणजे इथे ती वर्षं बाईंच्या मृत्यूपासून मोजायची. लेखक म्हणून दोघांची नावं जातील, शाईतला मजकूर आणि पेन्सिलीतला मजकूर वेगवेगळ्या टायपात. परवानगीच्या कागदावर लेकीची सही झाली आहे, काकूंचा अंगठा आणि थोरल्याची सहीही झाली आहे. धाकट्याने कागद ठेवून घेतला आहे, वाचून सांगतो म्हणाला आहे.